निसरड्या फरशीवर इलाज कोणता?

टाइल्सच्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक हमखास एक गोष्ट करतं. मांडून ठेवलेल्या टाइलवर अंगठा फिरवतं आणि विचारतं, "घसरट नाही ना?" दुकानदार सांगतो, "नाही हो, अँटीस्किड आहे." टाइल कोरडी, अंगठाही कोरडा. या परीक्षेत पॉलिश केलेली चकचकीत टाइलसुद्धा पास होते, कारण कोरड्या, स्वच्छ, गुळगुळीत पृष्ठभागावर कातडी उलट चांगली धरून राहते. खरी परीक्षा घरी होते. तिथे साबणाचं पाणी असतं, अनवाणी टाच असते आणि बाथरूमचं दार आतून लावलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यात साठीच्या पुढची माणसं सर्वाधिक असतात. हे सगळेच घसरून पडलेले नसतात. कुणी उंचावरून पडतं, कुणाला चक्कर येते. पण ज्या घरात आजी बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, त्या घराला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शस्त्रक्रिया, वॉकर, रात्री उठताना कुणाला तरी हाक मारावी लागणं, आणि पुन्हा पडण्याची भीती. ही भीती बरेचदा हाड जुळल्यावरही जात नाही.

फरशी कमी निसरडी करण्याचे उपाय आज सहज मिळतात आणि त्यांतले काही अगदी स्वस्त आहेत. अडचण वेगळीच आहे. एका घरात उत्तम लागू पडलेलं रसायन दुसऱ्या घरात फरशीचा सत्यानाश करतं, कारण पहिल्या घरात टाइल असते आणि दुसऱ्यात कोटा. म्हणून खर्च करण्याआधी दोन गोष्टी कळल्याच पाहिजेत: पायाखाली नेमकं काय बसवलंय, आणि त्याच्यावर रोज काय सांडतं.

पाय नेमका का घसरतो

चालताना पुढच्या पायाची टाच जमिनीला लागते, त्या क्षणी अंगाचं वजन तिच्यावर यायला लागलेलं असतं आणि पाय अजून थोडा पुढे सरकत असतो. फरशीवर पाणी असेल तर टाचेला आधी ते बाजूला सारावं लागतं. पाण्याला निसटायला वाट मिळाली तर टाच फरशीला भिडते. वाट मिळाली नाही तर मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो आणि पाय त्या थरावरून निघून जातो. 

ही वाट फरशीवरच्या बारीक उंचवट्यांमधून मिळते. ब्रिटनमधल्या 'हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह' या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, पाण्याने ओल्या होणाऱ्या फरशीवरचे उंचसखल भाग निदान २० मायक्रॉनचे असावेत. १० मायक्रॉनच्या खाली गेलं की घसरण्याचा धोका मोठा. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, बोटालाही जेमतेम जाणवतो. त्यामुळे पकड हवी म्हणून पाय सोलून काढणारी खडबडीत फरशीच बसवायला हवी, असा काही भाग नाही.

पाटा-वरवंटा रोजच्या वापरातला होता तेव्हा पाटा झिजून गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून घेत. टाकीने पाट्यावर बारीक बारीक घाव घातले की मिरची पुन्हा नीट वाटली जायची. फरशीवरचे बहुतेक अँटीस्लिप उपचार हेच काम करतात: कुठे ॲसिडने, कुठे यंत्राने, तर कुठे वरून बारीक वाळू चिकटवून.

तेलाचं गणित मात्र निराळं आहे. तेल पाण्यापेक्षा कितीतरी दाट, ते टाचेखालून झटकन बाजूला होत नाही. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला अंगाला तेल चोळलेलं असतं, वर उटणं, त्यावर गरम पाणी, आणि घरातली माणसं एकामागून एक त्याच बाथरूममध्ये जात असतात. एरवी वर्षभर नीट असलेली टाइल त्या दिवशी दगा देते. बाळाला तेल लावून आंघोळ घालतात ती जागा, हळदीच्या कार्यक्रमानंतरची मोरी, पापड-भजी तळल्यावरची ओट्यापुढची फरशी, हीही तशीच ठिकाणं. इथे कुठलाही उपचार एकट्याने पुरत नाही. आधी भांड्यांचा साबण आणि गरम पाणी टाकून ब्रशने तेल काढायचं आणि मगच पुढच्या माणसाला आत जाऊ द्यायचं. पकड वाढवणारी बहुतेक रसायनं पाण्यासाठी बनवलेली असतात. तेलाच्या थरावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही, आणि ही गोष्ट जाहिरातीत सहसा नसते.

कोरडी फरशीही कधीकधी फसवते. कॅरमची बोरिक पावडर, अंगाला लावायची टाल्कम पावडर, उंबऱ्याबाहेर विस्कटलेली रांगोळी, यांचे बारीक कण बुटाखाली गोळ्यांचं काम करतात. तिथे उपचार नको, केरसुणी आणि मग ओलं फडकं पुरे.

नऊ हा आकडा मोठा नाही

नवी फरशी बसवायची असेल तर 'अँटीस्किड' या शब्दावर समाधान मानू नये. खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये छापलेला दर्जा विचारावा. आपल्याकडच्या बऱ्याच टाइल्सवर जर्मन पद्धतीचा 'आर' दर्जा दिलेला असतो: आर ९ ते आर १३. त्याची चाचणी अशी: टाइल्स बसवलेल्या फळीवर तेल टाकतात, सुरक्षिततेचे बूट घातलेला माणूस तिच्यावर चालतो, आणि तो घसरेपर्यंत फळीचा उतार वाढवत नेतात. सहा ते दहा अंशांच्या उतारावर घसरला तर आर ९, दहा ते एकोणीस अंशांवर आर १०, त्यापुढे सत्तावीस अंशांपर्यंत आर ११.

गोम इथेच आहे. ही मोजणी नऊपासूनच सुरू होते. आर ९ ही सगळ्यांत खालची पायरी आहे. तिच्याकडे बघून "नऊ आहे म्हणजे भरपूर झालं" असं वाटून कित्येक घरांत ती थेट बाथरूममध्ये बसते. हॉलमध्ये आर ९ चालेल. स्वयंपाकघरात आर १०, आणि पावसाचं पाणी येणाऱ्या बाल्कनीत किंवा पार्किंगच्या उतारावर आर ११ किंवा त्याच्या वरची पाहावी.

बाथरूमसाठी मात्र 'आर'पेक्षा दुसरा दर्जा उपयोगाचा, कारण तिथे आपण बूट घालून जात नाही. अनवाणी पायांसाठीच्या जर्मन चाचणीत साबणाचं पाणी वापरतात आणि तीन वर्ग करतात: १२ अंशांपर्यंत टिकली तर 'ए', १८ अंशांपर्यंत 'बी', २४ अंशांपर्यंत 'सी'. शॉवरखाली आणि पोहण्याच्या तलावाच्या काठाला 'बी' लागते. पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना 'सी'. गोव्यात किंवा कोकणात होमस्टे काढून छोटा तलाव बांधणाऱ्यांनी ही दोन अक्षरं लक्षात ठेवलीच पाहिजेत. काही कंपन्या अमेरिकी पद्धतीचा घर्षणाचा आकडा देतात. तिथे घरातल्या ओल्या होणाऱ्या सपाट जागेसाठी ०.४२ हा किमान मानला जातो.

आकारही मदत करतो. बाथरूमच्या जमिनीवर दोन फूट बाय चार फूट टाइल दिसायला देखणी, पण तिला पाणी जाण्याच्या जाळीच्या दिशेने नीट ढाळ देता येत नाही आणि पाणी साचतं. एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान टाइल घेतली तर ढाळ चांगला बसतो आणि सांधे वाढतात. प्रत्येक सांधा पायाला थोडी पकड देतो.

चुकीची निवड नंतरच्या उपचारांनी सावरता येते का? दरवेळी नाही, आणि याचं सर्वांत ठळक उदाहरण व्हेनिसमध्ये आहे. वास्तुरचनाकार सांतियागो कालात्रावा यांनी तिथल्या ग्रँड कॅनॉलवर बांधलेला पूल २००८ साली खुला झाला. त्याच्या पायऱ्यांमध्ये काच बसवली होती. पावसात आणि धुक्याच्या ओलीत लोक तिच्यावरून पडू लागले. अँटीस्लिप पट्ट्या लावून पाहिल्या, उपाय तात्पुरते ठरले. शेवटी २०२२ मध्ये काच काढून तिथे ट्रॅकाइट हा दगड बसवण्यासाठी सुमारे पाच लाख युरोंची तरतूद जाहीर झाली. स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात त्याच वास्तुरचनाकाराच्या काचेच्या जमिनीच्या पुलावर पालिकेला चक्क रबरी गालिचा अंथरावा लागला. जगप्रसिद्ध माणसाचं काम, भरपूर पैसा, आणि तरी निसरड्या पृष्ठभागावर वरून लावलेली मलमपट्टी पुरली नाही. घर बांधताना किंवा बाथरूम नवीन करताना चार पैसे जास्त मोजून योग्य फरशी घेणं हाच पहिला आणि सगळ्यांत टिकाऊ उपचार.

आधी फरशी धुवून बघा

बसवलेली फरशी घसरट वाटू लागली की लगेच रसायनवाल्याला बोलावू नये. पुष्कळदा फरशी बदललेली नसते, तिच्यावर थर चढलेला असतो.

बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं. त्यातल्या कॅल्शियमचा साबणाशी संयोग होऊन न विरघळणारा पांढुरका, चिकट थर तयार होतो आणि टाइलवरचे सूक्ष्म खळगे त्याने भरून जातात. म्हणजे विकत घेतलेला खरबरीतपणा तिथेच असतो, फक्त गाडला गेलेला असतो. दुसरा दोषी फिनाइल. पाण्यात टाकलं की ते दुधासारखं पांढरं होतं, कारण त्यातल्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरतात. पाणी वाळतं, तेलाचा अंश उरतो. बादलीत एका झाकणाऐवजी अंदाजाने भसकन ओतलं, वास येतोय म्हणजे स्वच्छ झालं असं समजून नुसत्या पोछ्याने पसरवलं, की रोज एक पातळ थर चढत जातो. जास्त साबण, जास्त फिनाइल म्हणजे जास्त स्वच्छता नव्हे.

उपाय साधा. एक दिवस बाथरूमची फरशी गरम पाणी आणि डिटर्जंटने ताठ ब्रशने घासायची, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, पुन्हा घासायचं आणि भरपूर पाण्याने धुऊन वायपरने निपटायचं. टाइल असेल आणि पांढरा थर हटत नसेल तर पातळ केलेलं व्हिनेगर चालतं. दगड असेल तर ते अजिबात नको. दुसऱ्या दिवशी फरशी ओली करून, भिंतीला धरून, अनवाणी पायाने अंदाज घ्यायचा. कित्येक घरांत इथेच फरक जाणवतो आणि पुढचा खर्च वाचतो.

एक गोष्ट मात्र करू नये. दारावर किंवा किराणा दुकानात मिळणारी 'ॲसिड'ची बाटली फरशीवर ओतणं. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. टाइल्समधल्या सांध्यांचं सिमेंट ते खातं, नळांचा मुलामा उडवतं आणि कोटा-शहाबादची कातडीच उतरवतं. त्यात ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. 

टाइल, ग्रॅनाइट आणि चुनखडीचे दगड

आता रसायनांकडे. बाजारात 'अँटीस्लिप सोल्यूशन' म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं फ्लुओराइडयुक्त ॲसिड असतं: पातळ हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लुओराइड. सिलिकेवर चालणारं हे जवळजवळ एकमेव ॲसिड. सिरॅमिकच्या ग्लेजमध्ये, व्हिट्रिफाइड टाइलमध्ये, ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. ॲसिड ती जागोजागी विरघळवून डोळ्यांना न दिसणारे खळगे पाडतं. ओल्या पायाखालचं पाणी त्या खळग्यांत जातं आणि पाय टिकतो. 

संगमरवर, कोटा, शहाबाद, कडप्पा यांची जात वेगळी. हे सगळे चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड. कुठलंही तीव्र ॲसिड पडलं की ते सबंध पृष्ठभाग खातं. पॉलिश जातं, पांढरे डाग पडतात आणि पकड वाढेलच असं नाही. जुन्या इमारतींतल्या मोझॅकच्या लाद्या सिमेंट आणि संगमरवरी खड्यांच्या, आणि कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांतली लाल कोब्याची जमीन सिमेंटची. त्यांनाही ॲसिड वर्ज्य.

पायाखाली कोणता दगड आहे याची खात्री नसेल तर दाराआडच्या किंवा कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटांनी पुसावा. बारीक बुडबुडे आले किंवा तिथे निस्तेज ठिपका उरला, तर दगड चुन्याचा. काहीच झालं नाही, तर ग्रॅनाइट किंवा टाइल. काळ्या कडप्प्याला काळा ग्रॅनाइट समजणारे लोक पुष्कळ आहेत. ही पाच मिनिटं त्यांची फरशी वाचवतील.

टाइलवरचं ॲसिडचं काम कसं होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. चांगला कारागीर आधी फरशी डिग्रीझरने धुतो, कारण तेलकट थरावर ॲसिड सारखं बसत नाही. मग आरसा, काचेचं पार्टिशन आणि नळ प्लॅस्टिकने झाकतो. काचेवर एक शिंतोडा पडला तरी कायमचा पांढरा डाग उठतो. दाराआडच्या एका टाइलवर थोडं रसायन टाकून, उत्पादनावर सांगितलेली काही मिनिटं थांबून, धुऊन, ओल्या फरशीवर बूट घासून पाहतो. वेळ कमी पडला तर पकड येत नाही, जास्त झाला तर टाइलचा चकाकता रंग भकास होतो. त्या एका टाइलवर वेळ पक्की झाली की मग सगळीकडे रसायन पसरतो, ते वाळू देत नाही, ब्रशने फिरवत राहतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने ॲसिडचा अंमल उतरवून दोन-तीनदा धुतो. 

हे काम स्वतः करण्याचा मोह आवरावा. फ्लुओराइडच्या ॲसिडचा धोका हा, की पातळ असताना कातडीवर पडलं तर लगेच झोंबत नाही. वेदना काही तासांनी सुरू होतात, तोवर फ्लुओराइड आत उतरून शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकू लागलेलं असतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हा ठरलेला प्रथमोपचार आहे आणि तरीही डॉक्टरकडे जावंच लागतं. कारागिराकडे रबरी हातमोजे, गॉगल, बूट आणि ही जेल आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारावं. "काही होत नाही हो, रोजचंच आहे" असं उत्तर आलं तर दुसरा माणूस शोधावा. त्या दिवशी मुलं आणि घरातलं मांजर-कुत्रं दुसरीकडे ठेवावं, खिडक्या उघड्या असाव्यात.

चुन्याच्या दगडांना यंत्राची वाट धरावी. संगमरवराचं काचेसारखं पॉलिश हिऱ्याच्या पॅडने उतरवून मॅट करता येतं. पॉलिशवाल्याला साधारण ४०० नंबरच्या पॅडवर थांबायला सांगायचं, पुढच्या बारीक पॅडवर जायचं नाही. शोभा थोडी कमी होते, पण ओली फरशी आधीपेक्षा बरी धरते. कोटा आणि शहाबाद मुळात खाणीतून निघतात तेव्हा खरबरीतच असतात. त्यांना निसरडं करतो तो आपला पॉलिशचा हव्यास. अंगण, गच्ची, मोरी, जिना यांसाठी बिनपॉलिशची 'रफ' फरशी मागून घ्यावी. ती स्वस्तही पडते. ग्रॅनाइटमध्ये 'फ्लेम' फिनिश मिळतं. दगडावर ज्योत फिरवली की वरचे स्फटिक तडकून उडतात आणि दाणेदार पृष्ठभाग उरतो. सोसायटीच्या प्रवेशद्वारापाशी हेच घ्यावं. 'लेदर' फिनिश हाताला छान लागतं, पण त्याच्या ओल्या पकडीबद्दल दर्जा विचारूनच निर्णय घ्यावा.

वरून लावायचे थर ही तिसरी वाट. पारदर्शक पॉलियुरेथेन किंवा एपॉक्सीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा प्लॅस्टिकचे बारीक कण मिसळलेले असतात. लाल कोबा, सिमेंटची गच्ची, पार्किंगचा उतार, कारखान्याची जमीन इथे हे चांगलं बसतं, कारण थराला धरायला खाली छिद्रं असतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर, त्यातही रोज गरम पाणी पडणाऱ्या बाथरूममध्ये, काही काळाने हा थर पोपडे धरून सुटू लागतो. बाथरूमसाठी कुणी कोटिंग विकत असेल तर किती वर्षांची हमी आणि ती लेखी आहे का, हे आधी ठरवावं.

पट्ट्या, पायपुसणी, पायऱ्या

भाड्याच्या घरात फरशीला हात लावता येत नाही. तिथे अँटीस्लिप पट्ट्या उपयोगी. जिन्यावर सिलिकॉन कार्बाइडच्या खरखरीत काळ्या पट्ट्या, आणि बाथरूममध्ये अनवाणी पायाला न टोचणाऱ्या मऊ रबरी किंवा व्हिनाइलच्या. पट्टी सुटते ती बहुतेक वेळा लावण्यातल्या घाईमुळे. जागा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावी, स्पिरिटने पुसावी, पट्टीचे चारही कोपरे कात्रीने गोल करावेत म्हणजे ते उचकटत नाहीत, मधून कडेकडे दाबत लावावी आणि एक दिवस पाणी लागू देऊ नये. पट्ट्यांमधलं अंतर पावलाच्या लांबीपेक्षा कमी ठेवावं, नाहीतर पाऊल बरोब्बर मधल्या निसरड्या पट्ट्यात पडतं.

जिना उतरताना पाय पायरीच्या कडेवर येतो, म्हणून पट्टी किंवा खाचा कडेलाच हव्यात, आत चार बोटांवर नकोत. ग्रॅनाइटच्या पायरीला कडेशी दोन-तीन खाचा मारून घेण्याची पद्धत चांगली आहे; पण त्या खाचांत मेण आणि माती बसू देऊ नये. पट्टीचा रंग पायरीच्या रंगाहून वेगळा असेल तर अधू दृष्टीच्या माणसाला कड ओळखता येते.

बाथरूमबाहेरचं जुन्या साडीचं किंवा टॉवेलचं पायपुसणं हे कित्येक घरांतलं सगळ्यांत धोक्याचं ठिकाण. ओला पाय त्यावर पडतो आणि पायपुसण्यासकट माणूस जातो. खाली रबर असलेलंच पायपुसणं ठेवावं. तळाला चूषक असलेली रबरी चटई बाथरूममध्ये चालते, पण ती रोज उचलून उभी वाळवावी. खाली साबणाचा थर आणि बुरशी साचली की तीच सरकते. घरात वापरायच्या स्लिपरचा तळ झिजून गुळगुळीत झाला असेल तर ती टाकून द्यावी. आणि कमोडजवळ, शॉवरजवळ भिंतीत खोल बोल्ट मारून बसवलेला दांडा हवाच. फरशी कितीही चांगली केली तरी आजोबांना उठताना हाताला काहीतरी लागतंच. फक्त टॉवेल अडकवायच्या दांडीवर त्यांना भार टाकू देऊ नये.

पावसाळा आणि शेवाळ

कोकणात, घाटमाथ्यावर, मुंबईच्या जुन्या चाळींच्या चौकात जून संपेपर्यंत शेवाळ धरतं. ॲसिडने खळगे पाडलेली फरशी, रफ कोटा, जांभ्याचे चिरे, सगळं या बुळबुळीत थराखाली सारखंच होतं. म्हणून बाहेरच्या जागेत पकड वाढवण्याआधी शेवाळाचा बंदोबस्त करावा लागतो. आधी खराट्याने किंवा तारेच्या ब्रशने खरवडून काढायचं, मग ब्लिचिंग पावडरचं पाणी टाकून काही वेळ ठेवायचं आणि धुवायचं. नुसती पावडर भुरभुरवून पावसावर सोडली तर ती वाहून जाते. विहिरीच्या काठाला, तुळशीच्या आणि झाडांच्या मुळाशी ते पाणी जाऊ देऊ नये, आणि त्याच दिवशी तिथे ॲसिड वापरू नये.

शेवाळ परत येतंच, कारण ओल आणि सावली तिथेच असते. गळका पन्हळ दुरुस्त करणं, वाटेवर येणारी फांदी छाटणं, पाणी साचणाऱ्या कोपऱ्याला ढाळ देणं, यांनी जेवढा फरक पडतो तेवढा दर आठवड्याच्या पावडरीने पडत नाही. सोसायट्यांनी ही कामं मे महिन्यातच उरकावीत आणि सफाईच्या कंत्राटात शेवाळ काढण्याची वारंवारता लिहून घ्यावी.

सोसायटीचा जिना, रुग्णालयाचा बोळ, मंगल कार्यालयाचं हात धुण्याचं ठिकाण अशा मोठ्या जागांचं काम देताना कंत्राटदाराकडून तीन गोष्टी घ्याव्यात. वापरणार असलेल्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, एका कोपऱ्यात केलेला नमुना, आणि उपचाराआधीची व नंतरची ओल्या फरशीवरची मोजणी. मोजणीसाठी लंबकाचं यंत्र वापरतात: रबर लावलेला लंबक फरशीला घासून जातो आणि किती अडला ते काट्यावर कळतं. ब्रिटिश पद्धतीत ३६ किंवा त्याहून जास्त आकडा म्हणजे धोका कमी, २५च्या खाली म्हणजे जास्त. स्प्रिंगच्या काट्याने ओढून दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर विश्वास ठेवू नये. ओल्या गुळगुळीत फरशीवर ते फसवा, वाढीव आकडा दाखवू शकतं.

उपचार झालेल्या फरशीची निगा थोडी बदलते. सूक्ष्म खळग्यांत मळ लवकर बसतो, त्यामुळे नुसता पोछा पुरत नाही, आठवड्यातून एकदा ब्रश फिरवावा लागतो. घरी कामाला येणाऱ्या मावशींना हे नीट समजावून सांगावं: डिटर्जंट थोडं, पाणी भरपूर, मेण किंवा चकाकी आणणारं पॉलिश अजिबात नाही. रहदारीने खळगे झिजतात आणि ते झिजताना दिसत नाहीत. त्यामुळे दर सहा महिन्यांनी, आणि दिवाळीच्या आधी एकदा, फरशी ओली करून भिंतीच्या आधाराने पाय सरकवून पाहावा. जिथे सारखं येणं-जाणं असतं त्या दारापाशी आणि शॉवरखाली पकड सगळ्यांत आधी कमी होते. तेवढ्याच भागावर पुन्हा उपचार करून घेता येतो, सबंध फरशीचा खर्च करावा लागत नाही.